स्वीडनमधल्या मालमोत राहून डेन्मार्कमधल्या कोपनहेगनला नोकरी करणार असशील तर

पहिल्याच आठवड्यात एखादा डॅनिश सहकारी स्वीडनला 'सगळ्यावर बंदी असलेला देश' म्हणेल, आणि संध्याकाळी स्वीडिश शेजारी सांगेल की डॅनिश माणसं घशात लापशी अडकल्यासारखी बोलतात. यात राग नसतो. पण ही भावंडांची थट्टा आहे, तू री ओढू नकोस. बाहेरच्याने चिडवलं की बोचतं.

त्यापेक्षा इतिहास विचार, दोघंही खुलतात. १६५८ साली स्वीडनचा राजा दहावा कार्ल गुस्ताव गोठलेल्या समुद्रावरून सैन्य घेऊन गेला आणि रोस्किल्डच्या तहात डेन्मार्कने स्कोने प्रांत गमावला. मालमो त्याच प्रांतात, म्हणून तिथल्या लोकांना इतर स्वीडिश 'अर्धे डॅनिश' म्हणतात. २००४ च्या युरो फुटबॉल स्पर्धेतली डेन्मार्क-स्वीडन सामन्याची २-२ बरोबरीही जरूर काढ. तिच्यामुळे दोघे पुढे गेले, इटली घरी.