सील नवं, तरी ग्रीस गळतंच

प्रश्न : माझ्या हॉट रॉडला (जुन्या गाडीत फेरबदल करून बनवलेल्या गाडीला) १९५०च्या फोर्ड एफ-१ पिकअपचा स्टिअरिंग बॉक्स बसवला आहे. पिटमन आर्मच्या (बॉक्सच्या शाफ्टवर बसणारा, चाकं वळवणाऱ्या दांड्यांना हलवणारा हात) मागून ग्रीस ओघळतं. सील बदललं, तरी पुन्हा तेच. 'घट्ट ग्रीस भर, आपोआप थांबेल,' असा एका मित्राचा सल्ला आहे. भरू का?

उत्तर : कृपा करून भरू नका. गळती कमी होईल, पण बॉक्स जाईल. व्हील बेअरिंगचं २ नंबरचं घट्ट ग्रीस वर्म (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा पेचदार गिअर) फिरताना बाजूला सारतो आणि ते परत जागेवर वाहून येत नाही. झाकण उघडावं तर बॉक्स भरलेला, आणि आत वर्म कोरडा घासतोय! हे बॉक्स मुळात जाड गिअर ऑइलवर चालणारे.

नवं सीलही गळतंय म्हणजे माझा पहिला संशय बुशवर, म्हणजे पिटमन आर्मचा शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या नळीवर. इंजिन बंद, चाकं जमिनीवर. कुणाला तरी स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तो शाफ्ट बॉक्सबाहेर येतो तिथे, आर्मपासून जपून, बोट टेकवा. शाफ्ट जागच्या जागी फिरायला हवा. तो आधी एका अंगाला सरकतो आणि मग फिरतो असं जाणवलं, तर बुश झिजलंय. असा शाफ्ट सीलची कड एकीकडे दाबतो आणि दुसरीकडे फट पाडतो. तिथे कितीही चांगलं सील टिकणार नाही.

बुश बदलून रीमरने (भोक अचूक मापाला आणणारं हत्यार) शाफ्टच्या मापाला आणा. सील बसतं त्या जागी शाफ्टवरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे चर पडलाय. त्यावर पातळ रिपेअर स्लीव्ह चढवा. पिटमन आर्म काढण्याआधी आर्म आणि शाफ्टवर जुळती खूण करा, आणि पुलरच (आर्म ओढून काढणारं हत्यार) वापरा. हातोड्याचे ठोके थेट आतल्या रोलरला (शाफ्टवरचा, वर्ममध्ये अडकणारा भाग) आणि वर्मला बसतात.

हे सगळं उघडण्याआधी मात्र बॉक्स बाहेरून स्वच्छ पुसा, कोरडी पावडर भुरभुरवा आणि थोडी गाडी चालवून या. पावडर आधी कुठे ओली होते ते बघा. एफ-१ बॉक्समध्ये हॉर्नच्या वायरची नळी टोकाच्या झाकणातून बाहेर येते. तिथून झिरपलेलं ग्रीस ओघळत पिटमन आर्मपाशी येतं आणि आळ सीलवर जातो. ते झाकण काढलंत तर त्याखालच्या शिम (पातळ चकत्या) जशाच्या तशा परत घाला. वर्मच्या बेअरिंगचा ताण त्यांच्यावर ठरतो. जाड पॅकिंग घातलं की तो बिघडतो.

भरायला ०० नंबरचं, दाट मधासारखं अर्धप्रवाही ग्रीस घ्या. भरायच्या प्लगच्या पातळीपर्यंतच भरा, कारण गरम झाल्यावर ते फुगतं आणि जागा नसली की सीलमधूनच वाट काढतं. हॉट रॉडमध्ये एक्झॉस्टचा पाइप बऱ्याचदा बॉक्सला अगदी खेटून जातो. तुमच्याकडे तसं असेल, तर मध्ये पत्र्याची आड बसवा.