बाबांची एक उशी काढून घे

मावशी,
मी चौतीस वर्षांची, चाकणच्या एका कंपनीत जपानी दुभाषी. २०१६ ते २०१९ मी कंपनीतर्फे नागोयाला होते, नवरा पुण्यातच. तिथे शेजारच्या आजी दर रविवारी संध्याकाळी साडेपाचला भिंतीवर टकटक करून मला बोलवायच्या. टीव्हीवर ‘शोतेन’ लागायचं. रंगीत किमोनोतली वयस्क माणसं उशांवर बसून कोट्या करतात, एवढाच कार्यक्रम. आजी संत्री सोलून द्यायच्या, मला कळलं नाही की पुन्हा सांगायच्या. परत आल्यावरही मी तो सोडला नाही. आपल्याकडे तेव्हा दुपारचे दोन वाजतात (कसा बघते ते विचारू नका) आणि तीच आमची जेवणाची वेळ. सासऱ्यांना मधुमेह आहे, त्यांचं जेवण दोनच्या पुढे नेता येत नाही, म्हणून मी ताट घेऊन आत जाते. नवऱ्यानेही बघावं म्हणून थांबवून थांबवून भाषांतर करते. पाचव्या मिनिटाला तो घोरायला लागतो. बाहेर सासऱ्यांच्या आमटीपासून ताकापर्यंत कोट्या चालू असतात, त्यात मला अर्धं ऐकू येत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये पिवळ्या किमोनोतले किकुओ निवृत्त झाले तेव्हा मी रडले. नवरा हसला. म्हणाला, “जपानी आजोबा रिटायर झाले म्हणून आता सुतक पाळायचं का?” तेव्हापासून रविवार आला की आमच्यात धुसफूस ठरलेली. माझं हे वेड पोरकट आहे का? की त्यालाच माझ्या आवडीची किंमत नाही?
– उशीवाली, कोथरूड

अगं उशीवाली,

पोरकट कसलं! १५ मे १९६६ ला सुरू झालेला कार्यक्रम लोक अजून रविवारची कामं आवरून बघतात. तुझ्या पत्राच्या निमित्ताने मीही त्याचे चार भाग बघितले. शब्द एक कळला नाही, पण मजा आली. तोक्योच्या कोराकुएन हॉलमध्ये, जिथे एरवी बॉक्सिंग आणि कुस्त्या चालतात तिथे, सहा जण एका ओळीत गुडघे दुमडून बसलेले. सगळे राकुगोवाले, म्हणजे एका उशीवर बसून हातातला पंखा आणि पंचा एवढ्या भांडवलावर अख्खी गोष्ट उभी करणारे. सूत्रधार प्रश्न टाकतो, हात वर होतात. उत्तर झकास असलं की “यामादा, एक उशी द्या”, आणि फुसकं असलं की आहे ती पण काढून घेतात. हे यामादा १९८४ पासून उशांची ने-आण करताहेत! दहा उशा झाल्या की मोठं बक्षीस, आणि ते बक्षीसही बहुतेक वेळा कोटीच निघते. अशा गोष्टीचं वेड लागणाऱ्या बाईला मी काय सांगणार, बघू नकोस?

पण ते भाषांतर बंद कर. जपानीतली सगळ्यात घासलेली कोटी घे: ‘फुतोन गा फुत्तोंदा’. फुतोन म्हणजे गादी, फुत्तोंदा म्हणजे उडून गेली. म्हणजे गादी उडून गेली. हे वाचून पुण्यात कोण हसलं असेल तर मला कळव. नवरा पाचव्या मिनिटाला झोपतो, हा मी त्याचा गुन्हा मानत नाही. चार मिनिटं तग धरतो हेच पुष्कळ. आठवडाभर मीटिंगमध्ये दोन बाजूंच्या मधे बसतेस, रविवारी तरी स्वतःच्या बाजूला बस.

भाषांतराशिवाय पोचेल असा एकच प्रकार मला सापडला. ते ‘अमुक म्हणजे जणू तमुक’ असं काहीतरी भलतंच जोडतात, मग बाकीचे विचारतात, “सोनो कोकोरो वा?” त्यातलं मर्म काय? आणि एका शब्दात दोन्ही टोकं जुळतात. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली? न फिरवल्याने! नवऱ्याला एवढं सांग आणि सोडून दे. पटलं तर पटलं.

आता मार्चमधल्या रडण्याचं. किकुओ १९६९ पासून त्या ओळीत बसले होते. पंचावन्न वर्षं वेडगळाचं सोंग वठवलं, स्वतःच्या नावाच्या रामेनला (जपानी नूडल्सना) सगळ्यांकडून बेचव म्हणवून घेतलं, आणि शहाऐंशीव्या वर्षी उठले. सात वर्षांचं पोर असताना तोक्योवरच्या १९४५ च्या बाँबहल्ल्यातून वाचलेला हा माणूस. त्याच्या जाण्याने कुणी रडलं तर त्यात हसण्यासारखं काही नाही. नवरा चुकला, आणि ते त्याला स्पष्ट सांग.

पण मला एक गोष्ट खटकली. तुझ्या पत्रात आजी आहेत, त्यांची टकटक आहे, संत्री आहेत. नवऱ्याच्या तोंडी फक्त ‘जपानी आजोबा’. त्याला आजी माहीत आहेत का गं? तीन वर्षं परक्या गावात एकटी असताना दर रविवारी कुणीतरी भिंतीवर टकटक करत होतं, हे त्याला सांगितलंस का कधी? मला वाटतं, नसशील. तो बिचारा समजतोय की तू टीव्हीतल्या माणसासाठी रडलीस. त्याला घेऊन सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जा आणि तिथे सांग. ती बाग ओकायामाच्या कोराकुएनवरून बेतलेली आहे, आणि तुझा शोतेन होतो त्या हॉलच्या नावातही तेच कोराकुएन, अक्षरंसुद्धा तीच. बागेला आपण नाव कुणाचं दिलं ते तर बघच. आजींना यंदा पत्रही टाक. पहिल्या जानेवारीला पोचणारी ती नेंगाजो कार्डं तुला माहीतच आहेत.

आणि आता तुझ्या पत्रातलं असं वाक्य, जे तू जाता जाता लिहिलंस आणि मी तीनदा वाचलं. आमटीपासून ताकापर्यंत कोट्या. म्हणजे घरात जेवणाच्या टेबलाशी एक म्हातारे गृहस्थ बसून कोट्या करताहेत, आणि तू ताट उचलून आत जातेस, कशासाठी, तर दुसऱ्या म्हाताऱ्यांच्या कोट्या ऐकायला. मला हसू आवरेना.

घाबरू नकोस, सासऱ्यांच्या विनोदाचं कौतुक कर असलं काही मी सांगणार नाही. आमच्याकडे भेंडीची भाजी झाली की ‘आज भेंड्या कोण कोण खेळणार?’ हे मी एकतीस वर्षं ऐकलंय. वाईट कोटी होती. पण चूक आमचीही होती, आम्ही सगळे ऐकून खाली मान घालून जेवत राहिलो. त्याने कोटी करणारा थांबत नाही. त्याला वाटतं, पोचली नसेल, पुन्हा करू.

शोतेनमध्ये असं कुणी कुणाला सोडत नाही. उतामारू सूत्रधार होते तेव्हा ओळीतले एनराकू त्यांच्या वयावरून, मरणावरून तोंडावर बोलायचे आणि उशा गमावून बसायचे. २०१८ च्या जुलैत उतामारू गेले, तू तेव्हा तिथेच होतीस, आजींबरोबर बघितलंही असशील. श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात तेच एनराकू रडत ओरडले, “म्हाताऱ्या, फार लवकर गेलास!” इतकी वर्षं उशा घेतल्या-दिल्याशिवाय कुणाच्या तोंडून असं वाक्य निघत नाही.

तेव्हा बाबांची, म्हणजे तुझ्या सासऱ्यांची, उशी काढून घे. खरोखरची. जेवण दोनच्या पुढे ढकलता येत नाही असं तू लिहिलंस, अलीकडे ओढता येत नाही असं कुठे म्हटलंस? रविवारी पानं एकला घ्या. ताक झालं की सतरंजी टाका, प्रत्येकाला तीन उशा. बाबांची कोटी चांगली झाली तर एक जास्त, भेंडीच्या दर्जाची झाली तर एक कमी, आणि काढताना अजिबात दया नको. खाली टणक लागलं की माणूस विचार करून बोलतो. उशा उचलायचं काम नवऱ्याला दे. घोरणाऱ्याला काम दिलं की तो घोरत नाही. यामादांसारखा लाल सदरा घातला तर उत्तमच. न फिरवल्यानेसारखा एखादा प्रश्न तू टाक आणि बघ कोण काय जोडतं. मला तर वाटतं, बाबा तुला आश्चर्याचा धक्का देतील. न दिला तर फरशी आहेच.

दोनला मात्र उठायचं. तो अर्धा तास तुझा आणि आजींचा. दार लावून घे, कुणालाही काहीही समजावून सांगू नकोस, आणि हसू आलं तर बाहेर ऐकू जाईल इतकं मोठ्याने हस.

दहा उशांचं बक्षीस काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा. पुरणपोळी तेवढी नको, बाबांना साखर आहे.

– मावशी