पहिला लेंट धरताना
बाळा, लेंट म्हणजे आपला ईस्टरआधीचा 40 दिवसांचा उपवासकाळ. पहिल्याच वर्षी सगळं सोडायला जाऊ नकोस. राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंटच्या पहिल्याच दिवशी, जोशात मटण, चहा, मोबाइल सगळंच बंद केलंस, तर दुसऱ्या आठवड्यात दमशील. एकच गोष्ट धर, पण जिची सवय मुरली आहे ती. मी संध्याकाळचं भडंग सोडते. सांगलीत राहून हे सोपं नाही बरं! त्याचे पैसे रोज ओट्यावरच्या डब्यात टाकते. नाणं वाजलं की तिथंच उभी राहून प्रार्थना करते. ईस्टरआधी तो डबा मिरजेत, दवाखान्याबाहेर ताटकळणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांच्या जेवणासाठी रिकामा होतो. रविवार या 40 दिवसांत मोजत नाहीत. आणि उतरलेला चेहरा घेऊन फिरू नकोस. डोक्याला तेल लाव, तोंड धू, असं प्रभू येशूनंच सांगितलंय. घरच्यांवर चिडचिड झाली, तर आधी त्यांची माफी माग, मग उपवासाचं बघ.