गावच्या घरी छपरावरचं पावसाचं पाणी साठवून बागेला वापरायचं आहे. दोन ड्रम पुरतील का?

नाही पुरणार. तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीजवळ घर आहे, छप्पर हजार चौरस फुटांचं, पंचवीसेक आंब्याची कलमं लावलीत, आणि पागोळ्यांखाली दोनशे लिटरचे दोन निळे ड्रम ठेवायचा विचार आहे. हे पाणी पिता येईल का, तेही विचारलंय. जुलैतल्या एका सरीत ते ड्रम भरून वाहायला लागतील, आणि तेव्हा कलमांना पाणी नकोच असतं. पाणी लागतं एप्रिल-मेमध्ये. तोवर ड्रम कोरडे पडून त्यात कोळ्यांनी जाळी केलेली असतात.

छप्पर किती पाणी देतं हा आपल्याकडे प्रश्नच नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमचं छप्पर साधारण ९३ चौरस मीटर, जिल्ह्याची सरासरी वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर. वाया जाणारं सोडलं तरी दोन लाख लिटरच्या पुढे जातं. एवढं पाणी अंगणातून वाहून खाडीला मिळतं आणि मे महिन्यात तीच वाडी टँकरची वाट बघत रस्त्यावर हंडे मांडून बसते. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ते अख्ख्या देशाने पाहिलं. कोकणातला टँकर कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, कारण सगळ्यांना वाटतं इथे पाऊस बक्कळ आहे.

हेच वाक्य मी माझ्या घरात वर्षानुवर्षं ऐकलंय. आमचे भावोजी मुंबईला असतात, गणपतीत येतात. मी मागच्या दारी पाण्याची टाकी बांधायची म्हटलं तेव्हा ओटीवर सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, चार महिने आभाळ फाटतं इथे, आणि तुम्ही पाणी साठवताय? बोअर मारू, बटण दाबलं की पाणी." सासूबाई माझ्या बाजूने होत्या. त्या पूर्वीपासून पागोळीचं पाणी हंड्यात धरून त्यात डाळ शिजवायच्या, पावसाच्या पाण्यात डाळ लवकर गळते म्हणून. पण पैसे भावोजींचे होते, बोअर मारली गेली.

आमचं घर खाडीपासून लांब नाही. पहिल्या उन्हाळ्यात पाणी गोड लागलं, भावोजींनी फोनवर विचारूनही घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात आजूबाजूलाही बोअर झाल्या, सगळ्यांचे पंप चालू, आणि एप्रिलमध्ये पाणी मचूळ झालं. चहा तोंडात धरवेना. माडांना काही झालं नाही, माड खारं सोसतो. कलमांच्या पानांची टोकं मात्र आधी पिवळी पडली, मग कडेकडेने तपकिरी होऊन कुरकुरीत झाली. हात लावला की चुरा व्हायची. भावोजी म्हणाले खत कमी पडलं असेल. खत नव्हतं कमी पडलं. गोड्या पाण्याचा उपसा वाढला की खाडीचं पाणी आत सरकतं, आणि आंब्याला ते सोसत नाही.

टाकी मग मी माझ्या पैशाने बांधली. फेरोसिमेंटची, गोल, आठ फूट व्यास आणि सात फूट उंची, म्हणजे जवळपास १०,००० लिटर. सळ्यांचा सांगाडा, त्यावर कोंबडीजाळी आणि दोन्ही बाजूंनी सिमेंट-वाळूचा गिलावा. भिंत जेमतेम दीड इंच. हिशोब असा होता: पंचवीस कलमांना आठवड्यातून एकदा पंधरा-पंधरा लिटर, मार्च ते मे, म्हणजे पाच हजारांच्या आत. घरात प्यायला-शिजवायला रोज पन्नास लिटर, म्हणजे आणखी साडेचार हजार. आमच्याकडे फेब्रुवारीपर्यंत विहीर साथ देते, म्हणून मार्च लागेपर्यंत टाकीच्या तोटीला हात लावायचा नाही हा घरातला नियम. टाकीत बांबूची काठी उभी आहे, तिच्यावर फूट-फुटाला खिळ्याने खुणा केल्यात. दर सोमवारी झाकण उचलून काठी बघते. तुमचीही कलमं तेवढीच, तेव्हा टाकी एवढीच धरा. विहीर लवकर आटत असेल तर दुप्पट.

पाणी घालताना आळ्यात पातेऱ्याचा, म्हणजे वाळक्या पानांचा, जाड थर हवाच. उघड्या आळ्यातलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं.

कोणी म्हणेल टाकी कशाला, शोषखड्डा करा, पाणी जमिनीत मुरवा. आपल्या जांभ्यात पाणी मुरतं झकास, पण टिकत नाही. जुलैत मुरवलेलं पाणी झिरपत झिरपत खालच्या अंगाला निघून जातं, आणि मे महिन्यात तुमच्या हाती काही लागत नाही. भावोजी दरवर्षी रायगडावर जातात. तिथे कातळात खोदलेली टाकी त्यांनी पाहिली आहेत, गंगासागराचे फोटो त्यांनीच मला पाठवलेत. गडावरची माणसं पावसाचं पाणी धरून वर्ष काढत होती. तेच घराच्या मागच्या दारी केलं तर ते अडाणीपणाचं का वाटावं?

तुमच्याही घरात कोणीतरी बोअर म्हणणारच. त्यांना एवढंच विचारा, पंप लावल्यावर मे महिन्यात आजूबाजूच्या विहिरींना पाणी राहील का. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या काकूंची विहीर त्या वर्षांत तळाला गेली, आणि त्याबद्दल ओटीवर कोणी चकार शब्द काढला नाही.

हे सगळं कोकणापुरतं. पुण्यात पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, खाली काळा पाषाण. तिथे पाणी गाळून बोअरमध्येच सोडणं बऱ्याचदा शहाणपणाचं, आणि जागाही कमी लागते.

पिण्याचं विचारलंत. छप्पर कौलांचं किंवा साध्या पत्र्याचं असेल तर उकळून प्या, आम्ही पितो. सिमेंटचे पत्रे असतील तर ते पाणी फक्त बागेला. पहिले तीन-चार पाऊस टाकीत घ्यायचेच नाहीत, कौलांवरची घाण, पाखरांची विष्ठा, सगळं त्यात उतरतं. पन्हळीच्या खालच्या पाइपला टी (तीन तोंडांचा जोड) बसवून टोकाला टोपण ठेवा, टोपण काढलं की पाणी बाहेर. टाकी बंद आणि काळोखी हवी, उजेड आत शिरला की शेवाळ धरतं. जादा पाण्याच्या पाइपाच्या तोंडाला मच्छरजाळी बांधा, नाहीतर डासांची पैदास स्वतःच्याच घरात. झाकण माणूस उतरून साफ करू शकेल एवढं ठेवा आणि त्याला कुलूप लावा, गावी मुलं कुठेही चढतात.

गवंड्याशी मार्चमध्येच बोलून ठेवा. गिलावा झाल्यावर दोन आठवडे तरी टाकी ओली ठेवावी लागते, आणि मेअखेरीस या कामाचा माहीतगार गवंडी हाताला लागत नाही.