अँटिलोप कॅन्यन: महिना ठरवालच, पण तास कुणाच्या घड्याळाचा ते आधी विचारा

तुमची पोस्ट सकाळी वाचली आणि दिवसभर डोक्यातून गेली नाही. सासूसासरे भारतातून आलेत, जुलैच्या शेवटी वेगासहून युटातलं झायन, कनाब करत ॲरिझोनातल्या पेज गावी जायचंय, तिथल्या अँटिलोप कॅन्यनच्या दोन घळींपैकी वरच्या घळीत माथ्याच्या फटीतून पडणारा तो उन्हाचा झोत त्यांना दाखवायचाय, आणि प्रश्न एवढाच की महिना बरोबर आहे का. माझे आईबाबा आले होते तेव्हा मीही हेच विचारत फिरत होते. महिन्यावर पंधरा दिवस खल केला आणि घात झाला तो एका तासाने. म्हणून जरा सविस्तर लिहितेय. बुकिंग कसं करायचं, गाइडशिवाय आत सोडत नाहीत वगैरे तुम्हाला माहीत असेलच.

आधी महिन्याचं. झोत दिसतात ते साधारण मार्चअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि तेही भर दुपारी. वरची घळ खाली रुंद आणि माथ्याशी चिंचोळी आहे. सूर्य पुरेसा वर चढल्याशिवाय त्या फटीतून ऊन तळापर्यंत पोचतच नाही. आपल्याकडे मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस असतो, तसा सूर्य तिथे कधीच थेट डोक्यावर येत नाही. २१ जूनलाही तो साधारण साडेशहात्तर अंशांपर्यंतच चढतो, आणि डिसेंबरात जेमतेम तीस. त्यामुळे हिवाळ्यात झोत विसरा. भिंतींचा रंग मात्र तेव्हा जांभळट, निळसर दिसतो आणि गर्दी कमी असते. ज्यांना झोताचं वेड नाही त्यांनी खुशाल थंडीत जावं.

माझं मत विचाराल तर एप्रिलअखेर ते मे, नाहीतर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. मार्च-एप्रिलमध्ये वारा फार असतो, वरून सतत वाळू गळते, डोळ्यांत जाते. जुलै-ऑगस्ट मी वडीलधाऱ्यांना घेऊन जाणार नाही. उकाड्यामुळे नाही, पावसामुळे. तिथल्या पावसाळ्यालाही मान्सूनच म्हणतात. १२ ऑगस्ट १९९७ला खालच्या घळीत ११ पर्यटक वाहून गेले. पाऊस घळीवर नव्हताच म्हणा, तो पडला होता काही मैल वर, आणि लोंढा खाली आला. त्यानंतर तिथे भिंतींना बोल्ट केलेले लोखंडी जिने आले, इशाऱ्याचे भोंगे आले, आकाशाची शंका आली तर टूर रद्द करू लागले. हे सगळं चांगलंच आहे, पण त्याचा अर्थ असाही की जुलैत तुमचं बुकिंग ऐनवेळी रद्द होऊ शकतं. सांधण दरीत पावसाळ्यात आपण उतरतो का? घाटमाथ्यावर काय चाललंय ते खाली कळत नाही, म्हणूनच नाही उतरत. इथेही तेच आहे.

आता माझी चूक.

अमेरिकेत बहुतेक राज्यं उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात. ॲरिझोना करत नाही. युटा करतं. नावाहो नेशन, म्हणजे नावाहो आदिवासींचा स्वायत्त प्रदेश, तेही करतं, कारण त्यांची जमीन तीन राज्यांत पसरली आहे. (त्याच नावाहो जमिनीच्या मधोमध होपी ह्या दुसऱ्या जमातीचा प्रदेश आहे, ते मात्र करत नाहीत!) घळ नावाहोंच्या जमिनीवर आहे, पण टूर चालतात पेज गावाच्या, म्हणजे ॲरिझोनाच्या वेळेवर. हा एका तासाचा फरक मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत असतो. म्हणजे झोतांचा जवळजवळ सगळा हंगाम ह्या घोळातच येतो.

मला हे माहीत होतं, अर्धवट. म्हणून निघायच्या आठ दिवस आधी टूरवाल्यांच्या ऑफिसात फोन केला. विचारलं, पावणेबाराचा आमचा स्लॉट आहे तो नावाहोंच्या वेळेने की पेजच्या? उत्तर आलं, "लोकल टाइम, मॅम." मी म्हटलं, हो, पण लोकल म्हणजे कुणाचा? पुन्हा "लोकल टाइम." तिसऱ्यांदा विचारल्यावर वैतागून फोन ठेवला. पावतीवरही नुसतं ११:४५, कुठली वेळ ते नाही. ऑफिसचं नाव इथे लिहीत नाही, पण वर्षानुवर्षं रोज शेकडो माणसांना घळीत नेणाऱ्यांना एक ओळ छापता येऊ नये ह्याचा राग मला अजून येतो. शेवटी एका ओळखीच्यांनी सांगितलं, "पेज युटाच्या एक तास मागे, एक तास वजा कर." ते बरोबरच होतं.

आम्ही कनाबहून साडेदहाला निघालो, युटाच्या वेळेने. साधारण सव्वा तासाचा रस्ता. पेजला पोचलो तेव्हा माझ्या फोनवर १०:४५. आणि मी त्यातून एक तास वजा केला. फोनने तो आपणहून आधीच वजा केलेला होता, हे माझ्या लक्षातच आलं नाही. साडेदहाला निघून सव्वा तास गाडी चालवल्यावर पावणेअकरा कसे वाजतील, एवढा हिशेब तरी करायला हवा होता. भाड्याच्या गाडीतलं घड्याळ पहिल्या दिवसापासून भलतंच दाखवत होतं, त्यामुळे तिकडे बघायची सवयच गेली होती.

मागच्या सीटवर बाबा होते. त्यांच्या मनगटावर त्यांचं जुनं एचएमटी, किल्लीचं. कनाबच्या मोटेलमध्ये आदल्या रात्री त्यांनी ते तिथल्या वेळेला लावलं होतं. ते म्हणाले, "माझ्यात पावणेबारा होतायत गं." मी म्हटलं, "बाबा, तुमचं राहू दे, आपल्याकडे अजून दोन तास आहेत." ते गप्प बसले. त्यांच्या घड्याळातून एक तास वजा केला असता तर बरोबर वेळ मिळाली असती.

आम्ही जवळच्या हॉर्सशू बेंडला, म्हणजे कोलोरॅडो नदीचं वळण कड्यावरून बघायला गेलो, आईला सावकाश चालवत आणलं, कलिंगडाच्या फोडी खाल्ल्या. काउंटरवर पोचलो तेव्हा मी समजत होते दहा पन्नास. त्यांच्या भिंतीवर अकरा पन्नास. आमच्या टूरची गाडी पाच मिनिटांपूर्वी सुटली होती. पुढच्या स्लॉटला जागा नाही, पैसे परत नाहीत, नियम पावतीवर आहे. मी लोकल टाइमचं बोलले तर म्हणाले, "आम्ही सांगितलं होतं, लोकल टाइम."

पुन्हा चौघांचे पैसे भरून दुपारी पावणेतीनची जागा मिळाली. घळ सुंदरच आहे, दगडाला लाटा आलेल्या, हात लावावा तर रेशमासारख्या. पण ऊन वर भिंतीच्या कडेलाच अडकलेलं होतं. गाइड मुलगी भली होती, तिने वाळूत एक जागा दाखवली आणि मूठभर वाळू उडवून सांगितलं, दोन-अडीच तासांपूर्वी झोत इथे पडला होता. बाबा त्या जागेशी थोडा वेळ उभे राहिले. गुडघे आणि हृदय, दोन्हींमुळे त्यांना आता एवढा प्रवास झेपणार नाही. म्हणून इतकं लिहितेय.

तर तुमच्यासाठी. वेगास आणि पेजची वेळ उन्हाळ्यात एकच असते, पण तुमचा रस्ता युटातून जातो, तिथे फोन एक तास पुढे जाईल आणि पेजला परत मागे येईल, कधी कधी सीमेजवळच्या टॉवरमुळे तिथेही उड्या मारेल. फोनच्या सेटिंगमध्ये आपोआप वेळ बदलणं बंद करा आणि हाताने फिनिक्स (ॲरिझोनाची राजधानी, पेजची वेळ तीच) निवडा. सासऱ्यांच्या हातात घड्याळ असेल तर तेही फिनिक्सला लावून ठेवा, आणि त्या दिवशी त्यांचंच ऐका. ऑफिसला "लोकल का?" असं विचारू नका, "आत्ता फिनिक्समध्ये जे वाजलेत तेच तुमच्याकडे वाजलेत का?" असं विचारा. ह्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं.

स्लॉट कुठला? पेजला माध्यान्ह साडेबाराच्या आसपास होते, पुण्यासारखीच. त्यामुळे साडेअकरा ते साडेबारामध्ये आत असाल असं बघा. हे स्लॉट महाग असतात आणि महिनेमहिने आधी संपतात. खालच्या घळीत जिने उभे आहेत, गुडघे दुखत असतील तर नकोच. वरची आत सपाट आहे, पण हल्ली वाट एकेरी केली आहे आणि परतताना बाहेरून लोखंडी जिने-रॅम्प चढउतार करावे लागतात, ते आधी विचारून घ्या. पर्स, सॅक काहीच आत नेऊ देत नाहीत. सासूबाईंची औषधं खिशात ठेवा. मी फोटोग्राफर नाही आणि नियम दर हंगामाला बदलतात, तेव्हा माझं शेवटचं मानू नका.

तिकिटं अजून काढली नसतील तर सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत त्यांचा मुक्काम वाढतो का बघा. नाहीच जमलं तर जुलैत दुपारनंतरचा स्लॉट मुळीच घेऊ नका, तिकडे ढग बहुतेक दुपारी चढतात. आणि गाइड म्हणाला आज नाही, तर हुज्जत न घालता परत फिरा. तारखा ठरल्या की इथे टाका, आदल्या रात्री मी स्वतः आठवण करीन.