प्रोजेक्टर काढल्यापासून लॅपटॉपवर व्हीएलसी उघडतच नाही. पुन्हा इन्स्टॉल करूनही तेच. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की नाशिकरोडच्या तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून व्हिडिओ दाखवला आणि दुसऱ्या दिवसापासून विंडोजच्या लॅपटॉपवर व्हीएलसी हा व्हिडिओ चालवायचा प्रोग्रॅम दिसेनासा झाला. काढून पुन्हा टाकलं, तरी फरक नाही. ते साहजिक आहे. प्रोग्रॅम काढला तरी त्याच्या सेटिंग्जचं फोल्डर, तुम्ही मुद्दाम पुसायला सांगितलं नसेल तर, जागेवरच राहतं. नवं व्हीएलसी येतं आणि तीच जुनी सेटिंग्ज वाचतं. त्यामुळे लॅपटॉप एम. जी. रोडवर दुरुस्तीला नेण्याआधी किंवा विंडोज नव्याने टाकण्याआधी एक गोष्ट नक्की करा: व्हीएलसी खरंच सुरू होत नाहीये, की सुरू होऊन दिसत नाहीये, की सुरू होऊन लगेच बंद पडतंय?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. आता व्हिडिओवर डबल क्लिक न करता स्टार्ट मेनूतून थेट व्हीएलसी सुरू करा. म्हणजे एखाद्या बिघडलेल्या फाइलचा दोष प्रोग्रॅमच्या माथी येणार नाही. टास्क मॅनेजरच्या यादीत व्हीएलसीचं नाव येऊन टिकून राहतंय का, ते बघा.

नाव टिकतंय पण खिडकी दिसत नाही, असं असेल तर (तुमच्या वर्णनावरून मला हेच वाटतं) खिडकी प्रोजेक्टरच्या पडद्यावर उघडते आहे आणि तो पडदा आता जोडलेलाच नाही. व्हीएलसी आपल्या खिडकीची जागा लक्षात ठेवतं. आधी विंडोज की आणि पी दाबून ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ निवडा. तेवढ्याने खिडकी आली नाही, तर टास्कबारवरच्या व्हीएलसीच्या चिन्हावर क्लिक करा, ऑल्ट आणि स्पेस एकत्र दाबा, मग एम दाबा आणि बाणाची एखादी कळ एकदा दाबून माउस हलवा. खिडकी माउसला चिकटून येते. ‘मूव्ह’ हा पर्याय फिकट दिसत असेल तर खिडकी मॅक्सिमाइज झालेली आहे. आधी ‘रिस्टोअर’ करा, मग हलवा.

टास्कबारवर चिन्हच नसेल, तर घड्याळाजवळच्या लहान बाणावर क्लिक करून तिथे व्हीएलसीचं चिन्ह, म्हणजे नारिंगी शंकू, आहे का ते पाहा. व्हीएलसीत फक्त तिथेच सुरू होण्याची एक सेटिंग आहे, ती चुकून चालू होते.

कायमचा उपाय असा: व्हीएलसी टास्क मॅनेजरमधून ‘एंड टास्क’ करा. विंडोज की आणि आर दाबून रनच्या चौकटीत ॲपडेटा हा शब्द इंग्रजीत, दोन टक्क्यांच्या चिन्हांच्या मध्ये लिहून एंटर करा. उघडलेल्या फोल्डरमध्ये व्हीएलसी नावाचं फोल्डर आहे. त्यातली ‘व्हीएलसी-क्यूटी-इंटरफेस’ नावाची आयएनआय फाइल तेवढी पुसा. खिडकीची जागा आणि आकार तिच्यात असतो. बाकीची सेटिंग्ज ‘व्हीएलसीआरसी’ या फाइलमध्ये असतात, त्यांना धक्का लागत नाही. एवढ्याने भागलं नाही, तर व्हीएलसीच्या या पूर्ण फोल्डरचं नाव बदलून ठेवा, पुसू नका. व्हीएलसी पुढच्या वेळी नवं फोल्डर स्वतः बनवतं.

टास्क मॅनेजरमध्ये व्हीएलसी आधीपासूनच, एकदा किंवा अनेकदा, दिसत असेल तर ती अडकलेली जुनी प्रत आहे. व्हिडिओ चालू असताना पेन ड्राइव्ह ओढला किंवा नेटवर्क गेलं की असं होऊ शकतं. मग नव्या फाइलवर डबल क्लिक केलं की ती फाइल त्या अडकलेल्या प्रतीकडे सोपवली जाते आणि तुम्हाला काहीच दिसत नाही. सगळ्या प्रती ‘एंड टास्क’ करा, मग पुन्हा सुरू करा.

नाव क्षणभर चमकून जात असेल, तर अंदाज बांधत बसू नका. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधा, ‘विंडोज लॉग्ज’मध्ये ‘ॲप्लिकेशन’ उघडा आणि त्या वेळेची १००० क्रमांकाची लाल नोंद बघा. त्यात ‘फॉल्टिंग मॉड्यूल’चं, म्हणजे ज्या फाइलमुळे प्रोग्रॅम बंद पडला तिचं, नाव असतं, आणि पुढे काय करायचं ते त्यावरून ठरतं. नाव ‘एनव्ही’ किंवा ‘आयजीडी’ या इंग्रजी अक्षरांनी सुरू होत असेल तर बहुधा ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवण्याचं काम सांभाळणारा प्रोग्रॅम, दोषी आहे. तो लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून नवा घ्या. नावाच्या शेवटी ‘प्लगिन’ असेल तर व्हीएलसीच्याच फाइली बिघडल्यात, किंवा जुन्या-नव्या आवृत्त्यांच्या फाइली एकत्र झाल्यात. तेव्हाच अनइन्स्टॉल करा, पण त्यानंतर ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधलं ‘व्हिडिओलॅन’ फोल्डर हातानेही पुसा. ३२ बिटची प्रतही कधी टाकली असेल तर ती एक्स-८६ लिहिलेल्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये सापडेल, तीही काढा.

नवी प्रत फक्त व्हिडिओलॅन डॉट ओआरजी या व्हीएलसी बनवणाऱ्यांच्या साइटवरूनच घ्या. २०२२ मध्ये ही साइट भारतात अनेक महिने बंद होती, नोव्हेंबरात पुन्हा उघडली. त्या काळात लोकांनी मिळेल तिथून व्हीएलसी उतरवलं आणि अशा सेटअप फाइली अजून पेन ड्राइव्हवरून फिरतात. तुमची फाइल तशी आहे का, हे तपासायला तिच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ बघा. तिथे व्हिडिओलॅनचं नाव नसेल तर ती चालवू नका. व्हीएलसी मोफत आहे, पैसे मागणारी साइट त्यांची नव्हे.

हॉलमधल्या पुढच्या कार्यक्रमासाठी त्याच साइटवरून झिप आवृत्ती उतरवून पेन ड्राइव्हवर सोडवून ठेवा. ती इन्स्टॉल करावी लागत नाही. मात्र ती लॅपटॉपवरची तीच बिघडलेली सेटिंग्ज वाचेल. ते टाळायला, व्हीएलसीची मुख्य फाइल जिथे आहे तिथेच शेजारी ‘पोर्टेबल’ नावाचं रिकामं फोल्डर, इंग्रजी लहान अक्षरांत, बनवा. मग सेटिंग्ज त्या फोल्डरमध्येच राहतात आणि कुणाच्याही लॅपटॉपला लावलं तरी चालतं. कार्यक्रम संपला की आधी फुलस्क्रीनमधून बाहेर या, खिडकी लॅपटॉपच्या पडद्यावर ओढून आणा, व्हीएलसी बंद करा आणि मगच एचडीएमआयची वायर काढा.