ऐरोलीला राहतो, औषधांचा डबा बाथरूमच्या कपाटात ठेवला तर चालेल का? आणि त्यात काय काय असावं?

नाही, बाथरूममध्ये नको आणि गॅसच्या वरच्या कपाटातही नको, बेडरूमच्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा, पोरांचा हात पोचणार नाही असा. मी मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे, पावसाळ्यात आपल्याकडे खाडीची दमट हवा असते, ओआरएसची पुडी जराशी फाटलेली असली तरी आत पावडरचा गोळा होतो आणि सुट्या करून ठेवलेल्या गोळ्या मऊ पडतात. डब्यात एवढं हवंच:

- पॅरासिटामॉल, ओआरएस
- गॉज, बँडेज, चिकटपट्टी, पोविडोन आयोडीन (जखमेवर लावायचं जंतुनाशक)
- थर्मामीटर, कात्री, चिमटा

उरलेल्या अँटिबायोटिक साठवू नका प्लीज, पुढच्या तापाला कुणीतरी मनानेच घेतं. स्ट्रिप कापताना एक्सपायरी छापलेला तुकडा शेवटपर्यंत ठेवा, छापलेला महिना संपेपर्यंत गोळी चालते, पण डोळ्यांचे ड्रॉप्स उघडले की बहुतेक महिन्याभरात टाकायचे, तारीख कितीही पुढची असली तरी. घरात इन्सुलिन असेल तर मात्र न उघडलेलं फ्रिजमध्येच, फ्रीजरमध्ये नाही, एकदा गोठलं की ते वापरायचं नाही.